डाव्या टोकाची बंदूक

रविवार, ९ मार्च

आधी घडलं ते, क्रमाने. मत नंतर.

१. क्लबच्या वार्षिक सामन्याआधी सलामी होती. पाच नेमबाज, ठासणीच्या पाच बंदुका. गोळी नाही. नळीत फक्त काळी दारू आणि वर तिच्याच पुडीचा चुरगळलेला कागद. अशा तीन फैरी.

२. दारू काल क्लबच्या कोठारात मी स्वतः तोलली आणि कागदी पुड्यांत भरली. सगळ्या पुड्या सारख्या. डब्यातून थेट नळीत कोणीही ओतलं नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असली तर तसं करताना अख्खा डबा हातात पेटतो.

३. रांगेच्या डाव्या टोकाला आत्या. तिच्या उजवीकडे दातांचे डॉक्टर. मी रांगेच्या मागे, उजव्या टोकाला. हुकूम माझे, शिट्टीवर. सगळ्यांच्या कानांवर झाकणं.

४. पहिली फैर. शिट्टी. "ज्याचा बार उडाला नाही त्याने हात वर करा." हात वर नाही.

५. दुसरी फैर. तेच. हात वर नाही.

६. तिसऱ्या फैरीला डाव्या टोकाची बंदूक इतरांपेक्षा फार मोठ्याने उडाली. हातभर ज्वाळा. आत्या मागे फेकली गेली आणि डाव्या खांद्यावर पडली. घोड्याखालून उलटलेली आग डॉक्टरांच्या गालाला लागली.

७. आत्याचं खांद्याचं हाड तडकलं आहे. डॉक्टरांचा डावा गाल भाजला, भुवई गेली. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

८. माझं अनुमान: पहिल्या दोन्ही वेळी आत्याची नुसती टोपी फुटली. टोपी म्हणजे घोड्याखालचं तांब्याचं इवलंसं झाकण. तिची आग एका पोकळ बोंडातून नळीत शिरते आणि दारू पेटते. ती वाट तुंबलेली होती. आग आत पोचलीच नाही. आत्याने न उडालेल्या दारूवर पुन्हा दारू ओतली, दोनदा. तिसऱ्या टोपीला वाट मोकळी झाली आणि तिन्ही पुड्या एकदम पेटल्या.

९. म्हणजे आत्याने दोनदा हात वर करायला हवा होता. तिने तो केला नाही.

नववा मुद्दा लिहून पेन खाली ठेवलं, चहा केला, प्यायले नाही.

हात वर करायचा नियम तिचाच. बाबांच्या बदल्यांमुळे मी नववीपासून आत्याकडे राहते. तेव्हा तिने तो मला स्वयंपाकघरात, हातात लाटणं देऊन शिकवला होता. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर तोंड समोरच ठेवायचं, हात वर करायचा, मनात साठ आकडे मोजायचे. दारू कधीकधी उशिरा पेटते. "घाई केलीस तर भुवया जातील गं मापट्या, आणि तुला आधीच कमी आहेत." मापटं हे तिने मला ठेवलेलं नाव. मी मीठसुद्धा मोजून घालते म्हणून.

इतक्या वर्षांत तिने तो नियम कधी मोडला नाही. म्हणून प्रश्न एकच उरतो.


सोमवार, १० मार्च

आत्याला रुग्णालयातून घरी आणलं. डावा हात झोळीत. ती मागच्या सीटवर, मी गाडी चालवत होते. रस्त्यावर नजर ठेवून विचारलं, "पहिल्या फैरीला धक्का जाणवला होता का?"

उत्तर नाही. आरशात पाहिलं तर ती खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या वाचत होती. मी पुन्हा विचारलं. तिने एक पाटी संपवून दुसरी घेतली.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी मागे वळून तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आता ती माझ्याकडे एकटक बघत होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तसं लिही. झालं समाधान?"

"कारण?"

"म्हातारी झाले."

"बासष्टला कोणी म्हातारं होत नाही."

"मग नुसतीच चुकले. सुटला तो सिग्नल, मागचा बोंबलतोय बघ."

मागची गाडी ट्रक होती. तिचा भोंगा रस्ताभर घुमत होता.

घरी आल्यापासून बातम्या लावून बसली आहे, इतक्या मोठ्याने की शेजारच्या आजोबांनी भिंत ठोकली. बोलायचं नाही म्हणून मध्ये आवाजाची भिंत उभी केली, असं मी समजते.

कारण मला माहीत आहे. लिहायला हवं. शनिवारी पुड्या भरून घरी आले तेव्हा ती ओट्याशी भांडी विसळत होती. मी दारात उभी राहून तिला सांगितलं: दुसऱ्या गावच्या रंगाच्या कारखान्यात मला प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं आहे, एप्रिलअखेर जावं लागेल, तू काय म्हणतेस. एकदाच सांगितलं. मला दोनदा सांगता आलं नसतं. तिने मान वळवली नाही. तेच पातेलं दुसऱ्यांदा विसळलं, नळ बंद केला, आणि म्हणाली, "उद्या लवकर उठायचंय हं."

यालाही उत्तर म्हणतात.

मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाने दारूजवळ जाऊ नये. तिला त्या मनःस्थितीत रांगेत मी उभं केलं. नवव्या मुद्द्याखाली अजून काही लिहिलेलं नाही, पण हे लिहावं लागेल.


बुधवार, १२ मार्च

मिस्त्रीकाकांच्या कार्यशाळेत बंदूक उघडली. क्लबच्या सगळ्या बंदुका तेच सांभाळतात. त्यांच्या बाकावर लाकडी मुठीची पितळी हत्यारं, तांब्याची हातोडी. लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही, असं त्यांनी भिंतीवर खडूने लिहिलं आहे आणि खाली कोणीतरी "सासूला सून" अशी भर घातली आहे.

बोंड काढलं. आत काळा, चिकट थर. तेल.

"माझ्याकडून जास्त झालं असेल," काका म्हणाले. त्यांचा आवाज रांजणातून आल्यासारखा आहे. पुटपुटले तरी खिडकीची तावदानं थरथरतात. "पण पातं हललं होतं गं. मी बघितलं, तिने बघितलं."

रांगेत जाण्याआधी रिकाम्या बंदुकीवर नुसती टोपी फोडतात, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं म्हणजे वाट मोकळी. त्या सकाळी आत्याचं पातं हललं होतं. पण मग प्रमुख पाहुणे वेळेवर आलेच नाहीत. बंदुका तोंड वर करून लाकडी घोडीला टेकवून ठेवलेल्या. नळीतलं उरलेलं तेल निवांत उतरत खाली बोंडाशी जमलं.

"म्हणजे दोष पाहुण्यांचा," मी म्हणाले.

"लिही की तसं. अध्यक्षांचे मेहुणे आहेत."

मी हसले नाही. ते हसले, मग थांबले. अध्यक्षांना एक नाव हवं आहे. अहवाल मी अठ्ठावीसला, शुक्रवारी द्यायचा, शनिवारी बैठक. तेल हेच कारण धरलं तर काकांचं काम जाईल. नेमबाजाने न उडालेला बार लपवला असं ठरलं तर आत्याला पुन्हा कधीही रांगेत उभं राहता येणार नाही, आणि वर लबाड म्हणून नाव होईल.

"माझं घाल," काका म्हणाले. "मला कंटाळाच आलाय. तिला रांगेतून काढलं तर ती करणार काय? माझ्या डोक्यावर येऊन बसेल."

"अहवालात मर्जी चालत नाही, काका."

"हो, ते आहेच." त्यांनी बोंड रॉकेलच्या वाटीत टाकलं. "तुझी शिट्टी मात्र झकास. मला कधी जमलीच नाही. पुढचे दात गेल्यापासून नुसती हवा निघते. म्हणून तर ते फडकं."

गेल्या वर्षीपर्यंत हुकूम काका द्यायचे, लाल फडकं हलवून. तेही डाव्या टोकाला उभं राहून, कारण झाडाची सावली डाव्या बाजूला. मी जबाबदारी घेतली तेव्हा पहिल्यांदा ते फडकं बंद केलं. धुरात कापड दिसत नाही. आणि हुकूम देणारा सावली बघून उभा राहत नाही. शिट्टीचा सूर बारीक, टोकदार. कानांवर झाकणं असली तरी आत पोचतो. तीन वेगवेगळ्या शिट्ट्या आणून मी सगळ्यांत उंच सुराची निवडली होती.


शुक्रवार, १४ मार्च

डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यात भेटले. गालावर पट्टी, एक भुवई. त्यामुळे ते कशावर तरी सतत अर्धे चकित झाल्यासारखे दिसतात.

"तुझ्या आत्याला सांग, पेशंट घाबरायला लागलेत. म्हणतात, याची स्वतःची ही अवस्था, आमची काय करेल."

मी विचारलं, पहिल्या फैरीनंतर त्यांनी आत्याकडे पाहिलं होतं का.

"पाहिलं ना. शांत उभी होती. माझी बंदूक खाली आली, मग तिची आली. वारा उजवीकडून होता, पाचही जणांचा धूर तिच्याच अंगावर. त्यात कोणाचा उडाला आणि कोणाचा नाही, देव जाणे. आणि कोरडा बार. गोळी नसली की धक्का तो काय, मांजराने ढुशी दिल्यासारखा."

"ती अस्वस्थ वाटत होती का? काही बिनसल्यासारखी?"

"ती? अगं, माझं ड्रिल सुरू झालं की पैलवान खुर्ची सोडून पळतात. आवाजालाच भितात सगळे. तुझी आत्या गेल्या खेपेला चक्क झोपली. मी तिला वाघीण म्हणतो ते उगाच नाही."

टिपून घेतलं: साक्षीदाराच्या मते स्वभाव थंड, निर्भय. घाबरून गोंधळली ही शक्यता बाद.

निघताना ते म्हणाले, "माझी काही तक्रार नाही, हे लिहून घे." लिहून घेतलं.


रविवार, १६ मार्च

सकाळी मिस्त्रीकाका आले, फाटकातूनच हाक मारली. आत्या लगेच उठली, एका हाताने केस सारखे करत दार उघडलं, त्यांच्याशी तासभर गप्पा. त्यांनी कुठल्याशा मेलेल्या नेमबाजाची नक्कल केली, ती खांदा धरून हसली.

नंतर मी भाजी घेऊन आले. दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून कोपराने बेल वाजवली. चार वेळा. शेवटी पिशव्या खाली ठेवून किल्लीने दार उघडलं. ती दारापासून पाच पावलांवर, मटार सोलत होती. माझी सावली ताटावर पडल्यावर वर बघितलं. "आलीस? बेल तरी वाजवायची, मी उघडलं असतं."

मी पिशव्या ओट्यावर ठेवल्या.

सगळ्यांशी बोलते. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले तर माझ्याशीही बोलते, शिष्टाचार म्हणून. पाठ वळली की मी घरात नसतेच.

दुखलं, असं लिहिणार नाही. नोंद करते.


मंगळवार, १८ मार्च

जेवणाच्या सुट्टीत, मी नोकरी करते त्या इथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बोंडातला थर तपासला. बंदुकीचं तेलच, दुसरं काही नाही. पुड्यांपैकी एक उरली होती, तीही पुन्हा तोलली. बरोबर.

अहवालाचा मसुदा: "तेल साचल्याने बार उडाला नाही. तेवढ्याने अपघात झाला नसता. नेमबाजाने न उडाल्याची सूचना दिली नाही, म्हणून झाला. सूचना न देण्याचं संभाव्य कारण: मानसिक अस्वस्थता, कौटुंबिक."

"कौटुंबिक" खोडलं. मग "अस्वस्थता". मग फक्त "संभाव्य कारण" राहिलं आणि पुढे कोरी जागा.


गुरुवार, २० मार्च

आज घरी लवकर आले. आत्या ओट्याशी, दाराकडे पाठ. एका हाताने कोथिंबीर निवडत होती. गॅसवर दुधाचं भांडं. खिडकीच्या फळीवर माझं स्वयंपाकाचं घड्याळ, दूध तापायला ठेवताना मी नेहमी लावते ते, कोकलत होतं. तिने स्वतःच लावलं असणार. ते तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं.

मी म्हणाले, "आत्या, घड्याळ."

ती कोथिंबिरीची काडी मोडत राहिली.

मला राग आला. माझ्यावर रुसायचं तर रुस, पण घड्याळावर कसला रुसवा? मी हलले नाही. बघू कोण आधी हलतं. दूध वर आलं, कडेवरून उतरलं, ज्योत पिवळी झाली, जळका वास सुटला. त्या वासाने ती दचकली. "अगं बाई!" भांडं नुसत्या हाताने उचललं, बोटं पोळली, झोळीतला हात उचलायला गेली आणि कळवळून खाली बसली.

घड्याळ अजून वाजत होतं.

मी गॅस बंद केला, तिच्या बोटांवर पाणी सोडलं. तिने मला तेव्हा पाहिलं. "कधी आलीस तू? मांजरासारखी येतेस."

मला शिक्षा म्हणून कोणी स्वतःची बोटं भाजून घेत नाही. हे आधीच्या कुठल्याच अनुमानात बसत नाही.


शनिवार, २२ मार्च

जे केलं ते चांगलं केलं नाही. माणसाची पाठीमागून चाचणी घेऊ नये. तरी घेतली, कारण समोरून विचारलं असतं तर ती मला हसण्यावारी नेणार हे ठाऊक होतं.

दुपारी ती खिडकीशी पेपर वाचत बसली होती. मी मागे उभी राहून घड्याळ वाजवलं. पान उलटलं गेलं, मान नाही. मग खलबत्त्यात बत्ता एकदा हलकाच आपटला. लगेच म्हणाली, "काय कुटतेस?" पुन्हा घड्याळ, आणखी जवळ आणून. काही नाही. मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आत्या." काही नाही. आवाज खाली, छातीत उतरवून, काकांसारखा जाड करून म्हणाले, "आत्या." तिचे खांदे हलले.

मी घड्याळ पुन्हा सुरू केलं. का, ते माहीत नाही. निकाल हातात होता.

"खिडकीच्या काचेत दिसतेस तू," ती मान न वळवता म्हणाली. "हातात काय आहे?"

मी समोर जाऊन बसले आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्यावर बोट टेकवलं. थरथर लागली असावी. बोट उचललं.

"वाजतंय होय."

"हो."

"बंद कर. तुला तरी त्रास नको."

मी बंद केलं. विचारलं, "कधीपासून?"

"तू विचारतेस की अहवाल विचारतोय?"

"दोघंही."

"मग नाही सांगत." पण पेपराची घडी घालत सांगू लागली. माझ्याकडे न बघता, म्हणून मला मध्ये काही विचारता आलं नाही. विचारलं असतं तर तिला ऐकू आलं नसतं. हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

"आधी पाखरं गेली. मला वाटलं, झाडं तोडली म्हणून. मग कुकर. मग बेल. फोन उचलला की नुसती भुणभुण. मी, मापट्या! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढलेली मी. समोरचा नुसतं हॅलो म्हणाला की सांगायचे, याला सर्दी झालीय, हा रडून आलाय, ही चोरून बोलतेय. मुली माझ्याकडे शिकायला यायच्या. आणि आता बायकांचे आवाज गेले. पोरींचे. बारीक आवाजाच्या पोरींचे तर..." तिने पेपर आणखी लहान केला.

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने वर बघितलं.

"सलामीत काय झालं?"

"काय व्हायचंय? मला वाटलं उडाला. सगळीकडे धडाड, धूर, टोपीचा झटका हाताला बसला. पूर्वी मिस्त्री माझ्या शेजारीच उभा असायचा. माझी बंदूक त्याच्या नाकासमोर. बार नाही झाला की तो बैलासारखे डोळे करायचा, मी हात वर करायचे. माझंही लक्ष फडक्यावर. कान कोणाला लागतात?"

"आणि शिट्टी?"

"तुझ्या गळ्यात असते ती? मला वाटायचं दागिना आहे." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "अगं, वाजवतेस हे दिसायचं की. गाल फुगतात. पण त्या दिवशी तू मागे होतीस. डॉक्टर खाली करतील तशी मी खाली करत होते."

जो सूर मी निवडला, तोच तिच्याकडे पोचत नव्हता. तिन्ही शिट्ट्यांतला सगळ्यांत उंच. आणि काकांना दात असते तर त्यांनीही शिट्टीच वाजवली असती. तिला इतकी वर्षं सांभाळलं ते एका फडक्याने आणि झाडाच्या सावलीने, आणि ते कोणालाच माहीत नव्हतं, काकांनाही नाही.

मी म्हणाले, "हे अहवालात जाईल."

"नाही जाणार." ती उठून उभी राहिली. "लिही, आत्याने लपवलं. हट्टी आहे, गर्विष्ठ आहे, लिही. बहिरी लिहायचं नाही."

"ते खोटं होईल."

"हट्टी आहे हे खोटं?"

"लपवलं हे खोटं. लपवलं म्हटलं तर तुझं नाव कायमचं खराब होईल."

"नाव खराब झालं तर लोक पाठीमागे बोलतील. ते मला ऐकूच येणार नाही." हसली नाही. "बहिरी म्हटलं तर समोर येऊन ओरडतील, हळूहळू, तोंड वाकडंतिकडं करून. लहान मुलाशी बोलतात तसं. तू पण बोलशील."

ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दारावर टकटक करायला मी हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.


रविवार, २३ मार्च

आत्या,

आजची नोंद तुझ्यासाठी. बोलून दाखवायला गेले तर माझा आवाज आणखी बारीक होतो, आणि तुझ्यापर्यंत काहीच पोचणार नाही. म्हणून ही वही तुझ्या चष्म्याशेजारी उघडी ठेवते आहे. मागची पानंही वाच. तुझ्याबद्दल चुकीचं बरंच लिहिलं आहे. खोडलेलं नाही.

अहवालात मी खोटं लिहिणार नाही. काकांचं नावही पुढे करणार नाही. तेलाने बार उडाला नाही, पण माणूस पडला तो बार जवळून कोणी बघितला नाही आणि हुकूम पोचला नाही म्हणून, आणि हुकूम पोचवण्याची पद्धत मी बदलली होती. तेवढं मी लिहिणारच आहे. "हुकूम एका नेमबाजापर्यंत का पोचला नाही" यापुढची ओळ मी कोरी ठेवली आहे. ती तुझी आहे. कोणीतरी तुझ्याबद्दल लिहिण्यापेक्षा तू स्वतः लिहिलेलं बरं. तुला हवे ते शब्द वापर. कमी वापर. मी एकही बदलणार नाही, शुद्धलेखनही नाही.

यापुढे फडकं परत येईल, शिट्टीच्या जोडीला. प्रत्येक फैरीनंतर मी रांगेसमोरून नाही, पण टोकापासून टोकापर्यंत चालत जाईन आणि एकेकाच्या डोळ्यांत बघून विचारीन. फैरी संपल्या की प्रत्येक नळीत गज घालून बघायचा. गजावरची खूण वर राहिली तर आत काहीतरी आहे. कान तपासून घेईपर्यंत तू दारू भरायची नाहीस. हे मी तुझी भाची म्हणून सांगत नाही, रांगेची जबाबदार म्हणून सांगते. तुझ्या जागी मी असते तर तू मला याहून कडक शब्दांत सांगितलं असतंस, लाटणं हातात घेऊन. बैठकीत काय ठरेल ते मला माहीत नाही. तुला रांगेत ठेवावं असं मी म्हणेन. बाकी त्यांच्या हातात.

समोर येऊन ओरडणार नाही. आवाज खाली घेऊन बोलायचं शिकेन. काल जमलं होतं.

आता दुसरं. काल रात्री दिवा बंद करताना आठवलं की आठ तारखेला मी तुला काहीतरी सांगितलं होतं. तू ओट्याशी होतीस, नळ सुरू होता, मी दारात होते, तुझी पाठ माझ्याकडे. तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मी इतके दिवस मनात धरून बसले. तुला राग आला, त्या रागात तुझा हात वर गेला नाही, असं सगळं मी जुळवून ठेवलं होतं. मोजून. तुझ्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. म्हणजे मी तुला अजून काही सांगितलेलंच नाही. म्हणून पहिल्यांदा सांगते:

दुसऱ्या गावच्या रंगाच्या कारखान्याने मला प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं आहे. एप्रिलअखेर जावं लागेल. काम मला आवडेल. तुला इथे एकटीला सोडून जायला आवडणार नाही. तू काय म्हणतेस?

हेच तेव्हाही विचारलं होतं. शेवटचं वाक्यसुद्धा.

त्यांनाही शुक्रवारीच कळवायचं आहे, आणि अहवालही शुक्रवारीच जातो. म्हणून दोन्हींचं उत्तर मला गुरुवारपर्यंत, सत्तावीस तारखेपर्यंत हवं आहे. याच वहीत लिही, किंवा समोर बसव आणि सांग.